प्रोजेक्ट बेस्ड शिकवायचंय, पण टेक्नॉलॉजी शिकायची कुठून आणि किती?

खडू_डस्टर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज विचारूनच टाकते. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. मागच्या सुट्टीत आमचं एक ऑनलाइन ट्रेनिंग झालं, विषय होता विद्यार्थीकेंद्री अध्यापन आणि प्रोजेक्ट बेस्ड लर्निंगसाठी टेक्नॉलॉजी. विषय बघून खूश झाले होते, पण प्रत्यक्षात काय, तर एकामागून एक ॲप्सची ओळखपरेड. हे क्विझसाठी, हे पोस्टरसाठी, हे व्हिडिओसाठी, याचं अकाउंट काढा, त्याचा पासवर्ड लिहून ठेवा, आणि शेवटी सर्टिफिकेट. गंमत म्हणजे विद्यार्थीकेंद्री कसं शिकवावं हे आम्हाला तासन्‌तास स्लाइड्स दाखवून सांगत होते आणि आम्ही सगळे माइक म्यूट करून बसलेलो.

आता वर्गात काय होतं सांगते. प्रोजेक्टर आहे, तो मी रोज वापरते, पण पूर्वी फळ्यावर लिहून बोलायचे ते आता पडद्यावर दाखवून बोलते, एवढाच फरक. बोलणारी मीच. आणि प्रोजेक्ट म्हणून मुलं जे आणतात त्यात निम्मं नेटवरून उचललेलं असतं आणि निम्मं घरच्या कुणीतरी रात्री जागून केलेलं, ते बघूनच कळतं. पाचजणांच्या गटात एकजण राबतो, बाकीचे नाव लिहायला हजर.

मला खरंच असं काहीतरी करायचंय की प्रश्न मुलांचा असेल, उत्तर शोधतील ती, आणि फोन-टॅब-कॉम्प्युटर त्या शोधायच्या कामाला येईल. पण सुरुवात कुठून करू कळत नाही. आधी मी सगळी टूल्स शिकून घेऊ का? मुलं तर माझ्यापेक्षा भराभर शिकतात, त्यांच्यासमोर अडकले तर? वर्गात पंचेचाळीस मुलं आणि चालू अवस्थेतले टॅब सहा, नेट मनात आलं तर येतं. कुणी करून बघितलंय का? पुस्तकी उत्तर नको, प्लीज.


लंबक

ताई, आधी त्या ॲप्सच्या यादीला सरळ बाजूला ठेवा. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि आमच्याकडेही अशी ट्रेनिंग होतात, त्यात चूक टूल्सची नसते, क्रम उलटा असतो. आधी टूल आणि मग त्यासाठी प्रोजेक्ट शोधा, असं केलं की पोस्टरच बनतात. आधी प्रश्न पाहिजे, असा की ज्याचं उत्तर नेटवर तयार नाही. 'ध्वनिप्रदूषण' हा विषय दिलात तर कॉपी-पेस्ट येणारच, तो विषयच कॉपी-पेस्टचा आहे. पण 'आपल्या शाळेत सगळ्यात जास्त आवाज कुठे आणि कधी असतो, आणि तो कमी करायला आपण काय करू शकतो' असं विचारलंत तर कोणत्याही वेबसाइटवर ते मिळणार नाही, मोजावंच लागेल. आणि मोजायचं म्हटलं की मग फोनची गरज आपोआप पडते, तुम्हाला टेक्नॉलॉजी घुसवावी लागत नाही.

फिफॉक्स नावाचं ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या लोकांनी बनवलेलं, फुकट, जाहिराती नाहीत. फोनमध्ये जे सेन्सर आधीच बसवलेले असतात, त्वरणमापक, माइक, प्रकाशाचा सेन्सर, चुंबकीय क्षेत्राचा, त्या सगळ्यांचं रीडिंग ते आलेखासकट दाखवतं आणि आकडे एक्सेल फाइलमध्ये काढूनही देतं. मोजायला नेट लागत नाही. कोणत्या फोनमध्ये कोणता सेन्सर आहे ते मात्र आधी बघून ठेवा, स्वस्तातल्या फोनमध्ये सगळे नसतात, माइक तेवढा सगळ्यांत असतो म्हणून आवाजाचा प्रोजेक्ट पहिल्यांदा करायला बरा.

आता यातली खरी मजा पुढे आहे. आवाजाची पातळी मोजायचा प्रयोग उघडलात की लक्षात येईल, ॲप आधी कॅलिब्रेट करायला सांगतं, म्हणजे खात्रीच्या डेसिबल मीटरशी जुळवून घ्या नाहीतर दिसणारा आकडा खरा डेसिबल नाही. प्रत्येक फोनचा माइक वेगळा. सहा गट सहा फोन घेऊन एकाच कोपऱ्यात उभे राहिले तरी सहा वेगळे आकडे येणार आणि मुलं भांडणार, आमचाच बरोबर. भांडू द्या! लगेच सांगून टाकू नका. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतंच की सगळे फोन एका टेबलावर ठेवून एकच आवाज ऐकवूया आणि किती फरक येतो बघूया. नाही म्हटलं कुणी तर मग तुम्ही एक प्रश्न टाका, 'तुमचे फोन एकसारखे ऐकतात कशावरून?' बस. उपकरणातली त्रुटी, तुलना, पुन्हा पुन्हा मोजणं, हे सगळं पाठ्यपुस्तकात अर्ध्या पानात असतं आणि कुणाच्या डोक्यात राहत नाही.

आणि सरासरी! एका ठिकाणी साठ डेसिबल आणि दुसऱ्या ठिकाणी सत्तर, तर मुलं पासष्ट लिहून मोकळी. पण डेसिबल ही लॉगवाली मोजपट्टी आहे, दहाने वाढलं म्हणजे आवाजाची तीव्रता दहापट, म्हणून तीव्रतेची सरासरी काढून परत डेसिबलमध्ये आणली तर ६७.४ च्या आसपास येते. आठवीला लॉग नाही शिकवायचा, पण 'दहाने वाढलं म्हणजे दहापट' एवढं त्यांना कळतं आणि मग आलेखाकडे ती वेगळ्या नजरेने बघतात.

तुम्ही विचारलंत किती शिकू. या एका प्रोजेक्टपुरतं एक मोजायचं ॲप आणि एक स्प्रेडशीट. संपलं. स्प्रेडशीट हे शाळेतलं सगळ्यात दुर्लक्षित टूल आहे असं माझं ठाम मत, चकचकीत नाही ना म्हणून कुठल्या ट्रेनिंगमध्ये नसतं.

आणि शिकायचं कसं, तर हा अख्खा प्रोजेक्ट आधी एकटीने छोटा करून बघायचा. तीन जागा, दोन वेळा, मोजा, आकडे भरा, आलेख काढा, दोन ओळींचा निष्कर्ष लिहा. ट्यूटोरियल बघून बटणं कळतात पण कुठे अडतं ते नाही कळत. स्वतः केलंत की मुलं नेमकी कुठे अडकणार त्या जागा तुम्हाला आधीच माहीत होतात.


खडू_डस्टर

सर, डेसिबलच्या सरासरीचं हे मला स्वतःलाही कधी सुचलं नव्हतं, मस्तच. पण एक शंका, सहाही टॅब बाहेर गेले तर उरलेल्या मुलांनी काय करायचं? आणि अशा गडबडीत अभ्यासक्रम कधी संपणार?


जुना_बाक

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. मी बरीच वर्षं शिकवतोय आणि दर काही वर्षांनी ही लाट येते. प्रोजेक्ट मेथडवर किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने लेख लिहिला तो १९१८ साली, म्हणजे शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही, फक्त आता तिला टॅब चिकटवलाय. मुलांना 'शोधा' म्हणून सोडून देणं ऐकायला छान वाटतं, पण ज्याला विषयातलं काहीच माहीत नाही त्याने शोधायचं काय? २००६ साली कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांचा एक पेपर आला होता, कमीत कमी मार्गदर्शन देऊन शिकवणं का चालत नाही यावर. मुद्दा साधा आहे, माणसाची कार्यकारी स्मृती, म्हणजे एका वेळी डोक्यात धरता येतं तेवढं, फार छोटी, नवशिक्याला एकाच वेळी नवा विषय, नवं ॲप, गटातली भांडणं आणि सादरीकरण असं सगळं दिलं की शिकायला जागाच उरत नाही. आमच्याकडे मी बघितलंय, व्हिडिओ बनवायचा प्रोजेक्ट दिला, मुलं दोन आठवडे गाणं आणि ट्रान्झिशन निवडत बसली आणि प्रकाशसंश्लेषण जिथल्या तिथे.

हुशार मुलं यात चमकतात, मागची मुलं आणखी मागे पडतात. नीट समजावून सांगितलेला एक तास कमी लेखू नका एवढंच.


लंबक

बाकसर, व्हिडिओचं उदाहरण शंभर टक्के मान्य. तिथे मेहनत गेली ती एडिटिंगमध्ये, विषयात नाही. म्हणूनच माझी एक कसोटी असते, मुलाचा वेळ कशावर विचार करण्यात जातोय? उत्तर 'फाँट' असेल तर ते टूल बाद.

पण तो पेपर पुढेही वाचायला हवा, म्हणजे त्याला २००७ मध्ये आलेलं उत्तर. मेलो-सिल्व्हर, डंकन आणि चिन यांनी लिहिलं होतं की प्रॉब्लेम बेस्ड किंवा चौकशीतून शिकवणं म्हणजे मुलांना सोडून देणं नव्हेच, त्यात आधार भरपूर असतो, फक्त तो गरजेच्या जागी दिलेला असतो. मध्ये थांबून पंधरा मिनिटं फळ्यावर सरळ शिकवायला प्रोजेक्टमध्ये बंदी थोडीच आहे. डेसिबल म्हणजे काय हे मी फळ्यावरच शिकवतो, पण आकड्यांवरून भांडण झाल्यावर, आधी नाही. तेव्हा ऐकतात.

आणि हल्लीचंही आहे. मिशिगनमध्ये तिसरीच्या विज्ञानावर अभ्यास झाला, २०२१ मध्ये निकाल आले, कोणत्या शाळेला प्रोजेक्टवालं द्यायचं आणि कुणाला नेहमीचं हे रँडम ठरवलेलं. प्रोजेक्टवाल्या मुलांचे मार्क जास्त आले. पण हे वाचताना सगळे एक गोष्ट गाळतात, तिथल्या शिक्षकांना पूर्ण तयार युनिट्स, साहित्य आणि वर्षभर ट्रेनिंगची साथ होती. एका वेबिनारच्या जिवावर तसे निकाल मागणं म्हणजे शिक्षकांवर अन्याय आहे. त्या बाबतीत तुमची चिडचिड मला पटते.

अभ्यासक्रमाचं: सगळे धडे प्रोजेक्टने करायचेच नाहीत. सत्रात एक. असा धडा निवडा ज्यात तसेही तुमचे जास्त तास जातात.


शाईची_दौत

मी भाषा शिकवते त्यामुळे सेन्सर वगैरे माझ्या डोक्यावरून जातं, पण गटात एकजण राबतो या दुखण्यावर थोडं सांगू शकते.

आमच्याकडे मुलं मोठ्या माणसांच्या मुलाखती घेतात, एखादं काम पूर्वी कसं चालायचं आणि आता कसं चालतं यावर, आणि त्याचा दहा मिनिटांचा ऑडिओ कार्यक्रम करतात. रेकॉर्डिंग फोनवर, कापाकापी ऑडॅसिटीवर, ते फुकट आहे, नेट लागत नाही, जुन्या कॉम्प्युटरवर पण चालतं. दोनच गोष्टी मी मुलांना आधी सांगते. एक म्हणजे मुलाखत सुरू करायच्या आधी पाच-सात सेकंद कुणी काही न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करा, मग पंख्याची घरघर काढायला तोच तुकडा नमुना म्हणून वापरता येतो. दुसरं, सेव्ह म्हणजे एक्स्पोर्ट नव्हे! ऑडॅसिटीत सेव्ह केलं की प्रोजेक्ट फाइल होते, ती फोनवर वाजत नाही, आणि मग सादरीकरणाच्या दिवशी रडारड. बाकी सगळं मुलं आपापली शोधतात आणि मला शिकवतात. ताई, तुम्ही लिहिलंत ना त्यांच्यासमोर अडकले तर, अडका की. 'मला माहीत नाही, कोण शोधतंय?' असं म्हटलं की शेवटच्या बाकावरचे हात वर येतात, आणि हे हात एरवी कधी वर येत नाहीत.

आता गटाचं. संहिता गटाने एकाच सामायिक डॉक्युमेंटमध्ये लिहायची. गूगल डॉक्समध्ये व्हर्जन हिस्टरी असते, कुणी कधी काय लिहिलं काय खोडलं सगळं दिसतं. मात्र हे तेव्हाच जेव्हा प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. एका टॅबवर एकाच अकाउंटमधून पाचजण लिहीत असतील तर हिस्टरीला काय कळणार, त्याला सगळा मजकूर एकाचाच दिसतो. लॉगिन नसतील तर ईथरपॅड बघा, तिथे अकाउंट न काढता प्रत्येकाचा मजकूर वेगळ्या रंगात येतो, फक्त प्रत्येकाने वेगळ्या यंत्रावरून लिहायला हवं. तेही नसेल तर वहीत रोजचे चार-चार ओळींचे नोंदपान, आज मी काय केलं, कुठे अडलं. कागद पण टेक्नॉलॉजीच आहे, चार्जिंग लागत नाही.

आणि हो, हिस्टरीत जास्त शब्द ज्याचे त्याने जास्त काम केलं असं अजिबात समजू नका. माझ्या वर्गात एक मुलगी जवळजवळ काहीच टाइप करायची नाही, पण प्रश्न सगळे तिचे असायचे. ते कळलं टिप्पण्यांमधून आणि तोंडी विचारल्यावर. म्हणून मी मार्क फोडते, निम्मे गटाच्या कामाला आणि निम्मे एकेकट्याला, त्यात नोंदपानं आणि तीन मिनिटांचं तोंडी. तोंडीत एकच विचारायचं, तुमच्या कामातला हा निर्णय का घेतला? ज्याने केलंय तो थांबत नाही बोलायचा. रुब्रिक, म्हणजे मार्क कशाला किती याचा निकषांचा तक्ता, मुलांबरोबर बसून बनवते, 'चांगला कार्यक्रम म्हणजे काय' हे त्यांनीच ठरवायचं, आधी दोन नमुने ऐकवून. त्यांचे निकष माझ्यापेक्षा कडक निघतात असा अनुभव.

मुलाखत देणाऱ्याची परवानगी आधी घ्यायची, आणि पार्श्वसंगीत क्रिएटिव्ह कॉमन्सचंच, म्हणजे वापरायची परवानगी आधीच दिलेलं, श्रेय देऊन. हे दोन्ही पहिल्या दिवशीच सांगून टाकते, नंतर सांगितलं तर त्यांना ती माझी कटकट वाटते.


सोल्डर_गन

मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो म्हणून जरा रटाळ पण उपयोगाचं सांगतो. प्रोजेक्ट बुडतात ते शिक्षणशास्त्रामुळे नाही, चार्जिंगमुळे बुडतात. टॅब आदल्या दिवशी दुपारी चार्जिंगला लावायचे हे काम दोन मुलांना नेमून द्या. फाइलच्या नावात गट आणि तारीख, नाहीतर 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' असल्या फाइली जमतात. आणि टॅबवर बसवायचं ते आदल्या आठवड्यात बसवून घ्या, तासाच्या वेळी पंचेचाळीस मुलांसमोर डाउनलोडचं चक्र फिरत बसलं की तास गेला.

सहा टॅब पंचेचाळीस मुलं, हे प्रमाण प्रोजेक्टला वाईट नाहीये उलट. प्रत्येकाच्या हातात टॅब दिला की वर्ग शांत होतो आणि एकमेकांशी बोलायचं थांबतो. सहा गट करा सात-आठचे, आणि गटात दोनजण मोजणारे, दोनजण कागदावर नोंदवणारे, एक घड्याळ धरणारा, बाकीचे त्या वेळी त्या जागी काय चाललंय त्याचं वर्णन लिहिणारे, म्हणजे बेल झाली, बाहेरून गाडी गेली वगैरे. आणि हे दर वेळी फिरवायचं, नाहीतर टॅब कायम एकाच्याच मांडीवर. लंबक सर, आकडा वाढला तर का वाढला ते नंतर या वर्णनावरूनच कळतं, बरोबर ना?

नेट नसताना चालणारं भरपूर आहे. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग, कार्ल वीमन या नोबेलवाल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये सुरू केलेली, ती उतरवून पेनड्राइव्हवरून चालवता येतात. स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायची मुलांसाठीची भाषा, तिचंही ऑफलाइन चालणारं ॲप आहे. स्क्रॅच २००७ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधून आलं आणि त्याच्या मागे सीमोर पॅपर्टची जुनी कल्पना आहे, की मूल काहीतरी दुसऱ्याला दाखवता येईल असं बनवत असताना सगळ्यात चांगलं शिकतं. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी १९६७ साली लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा बनवली तेव्हा शाळेत कॉम्प्युटर म्हणजे चेष्टेचा विषय होता.

पुढे कधी हार्डवेअरकडे वळायचं असेल तर मायक्रोबिट. बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना वाटलेला छोटासा, प्रोग्राम करता येणारा कॉम्प्युटर बोर्ड. त्याच्यावरून एक किस्सा. त्याच्यात तापमान दाखवता येतं पण तो सेन्सर असतो प्रोसेसरच्या आत, म्हणजे मोजतो तो चिपचं तापमान, हवेपेक्षा थोडं जास्त येतं. आमच्या एका गटाने थर्मामीटर शेजारी ठेवला आणि मला विचारायला आले, सर बोर्ड खराब आहे. मी म्हटलं खराब आहे की वेगळं काहीतरी मोजतोय, शोधा. दोन दिवसांनी उत्तर घेऊन आले आणि वर सांगितलं की रोज साधारण तेवढाच फरक येतो म्हणून आम्ही तो वजा करतोय. यात मी शिकवलं काहीच नाही.

एक राहिलंच, स्प्रेडशीटमध्ये मुलं आकड्याच्या चौकटीत '४५ मि.' असं एककासकट लिहितात, मग बेरीज येत नाही कारण तो आकडा राहिलाच नाही, मजकूर झाला. एकक वरच्या रांगेत, खाली नुसते आकडे. निम्म्या 'सर आलेख येत नाही'चं मूळ हेच असतं.


नवखा_मास्तर

मस्त धागा. मध्ये घुसून विचारतो, चॅटबॉटचं काय करता? मी अहवाल मागितला तर सगळ्यांचे अहवाल एकाच सुरात, 'निष्कर्षतः असे म्हणता येईल की'. आठवीतलं पोरगं असं बोलतं का? आणि ते सामर (SAMR) नावाचं मॉडेल ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, टेक्नॉलॉजीने वर्गातलं काम किती बदललं याच्या चार पायऱ्या, त्यात आम्ही वरच्या पायरीवर पोचलो पाहिजे म्हणे.


शाईची_दौत

सामरचं आधी. प्वेन्तेदुरा यांच्या त्या चार पायऱ्या विचार करायला ठीक आहेत, आपण नुसतं कागदाच्या जागी पडदा आणला की काम खरंच बदललं, एवढं स्वतःला विचारायला. पण वरची पायरी म्हणजे चांगला शिक्षक असं काही नाही. कधीकधी वहीच योग्य असते.

चॅटबॉटचं म्हणाल तर, ज्या प्रोजेक्टचा अहवाल तो न बघता लिहू शकतो तो प्रोजेक्ट आधीच पोकळ होता, बॉटने फक्त उघडं पाडलं. मुलाखतीतली आजी काय म्हणाली ते बॉटला माहीत नाही, जिन्याखाली मधल्या सुट्टीत किती आवाज होता तेही नाही. मी कच्चा माल मागते, मूळ रेकॉर्डिंग, नोंदपानं, खोडाखोडीसकट, आणि मग तोंडी. अहवालाला मार्कच कमी ठेवलेत. वापरायचाच असेल तर सगळ्यांसमोर माझ्या लॉगिनवरून, मुलांचा निष्कर्ष त्याला देऊन, यात कच्चे दुवे कुठे आहेत विचारायचं आणि त्याने काढलेल्यातले खरे कुठले आणि उगाच कुठले हे मुलांनी ठरवायचं. आणि बऱ्याच सेवांना वयाची अट असते, तेरा किंवा त्याहून जास्त, ते बघून घ्या, सातवीत बारा वर्षांची मुलं असतात.


जुना_बाक

हे तोंडी परीक्षेचं मला आवडलं. आमच्या वेळी हेच चालायचं, नवीन नावाने का होईना परत आलं.

लंबक, तुमचं 'भांडण झाल्यावर शिकवतो' हेही करून बघेन म्हणतो. आवाजावर नाही, मला जमणार नाही ती पळापळ. भूमितीत जिओजेब्रा आहे आमच्याकडे, आकृत्या स्क्रीनवर ओढून बदलायचं सॉफ्टवेअर, आत्तापर्यंत मीच पडद्यावर फिरवून दाखवतो. त्रिकोणाचा शिरोबिंदू मुलांच्या हातात देऊन कोनांची बेरीज बदलून दाखवा म्हणतो, बघू काय करतात.


लंबक

बाकसर, ते आधी अर्धा तास त्रिकोण वेडावाकडा करत बसतील, ते सहन करा, आणि मग एकजण ओरडेल की तीनही बिंदू एका रेषेत आणले तर काय होतं बघा. तिथून पुढचा तास तुमचाच.


खडू_डस्टर

बापरे, दोन दिवस लॉगिन केलं नाही तर एवढं सगळं. सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, बाकसरांना पण, कारण त्यांच्यामुळे ती पेपरांची माहिती कळली.

आता माझं ठरलंय असं. सत्रात एकच प्रोजेक्ट, आवाजाचा. रविवारी शाळा रिकामी असते म्हणून मी शुक्रवारी शाळा सुटल्यावर आणि सोमवारी मधल्या सुट्टीत एकटीच तीन जागी मोजून बघणार, आकडे शीटमध्ये भरून आलेख काढणार. मुलांना सुरुवातीला फक्त प्रश्न देणार, जागा आणि वेळा त्यांनीच निवडायच्या. सहा गट, कामं फिरवायची. कॅलिब्रेशनचं मी तोंडातून काढणार नाही, भांडण झालं की एका टेबलाचा विषय. मार्क निम्मे-निम्मे, नोंदपान वहीत कारण वेगळी लॉगिन्स आमच्याकडे नाहीत. शेवटी पोस्टर नाही, मुलं मुख्याध्यापकांसमोर आकड्यांसकट एक मागणी मांडतील, म्हणजे अमुक तासाला अमुक ठिकाणची घंटा हलवा किंवा मधली सुट्टी दोन टप्प्यांत करा, जे निघेल ते. मुख्याध्यापकांशी बोलले, ते म्हणाले ऐकून घेईन, मान्य करेनच असं नाही. चालेल. नाही म्हणाले तरी कारण त्यांना मुलांना सांगावं लागेल.

एक तांत्रिक शंका राहिली. टॅबच्या ऐवजी दोन गटांना माझा आणि शिपाईमामांचा फोन द्यावा लागेल असं दिसतंय, दोन टॅबचे माइक गेलेत. काही अडचण?


सोल्डर_गन

अडचण नाही, पण एअरप्लेन मोडवर टाकून द्या, नाहीतर मोजता मोजता कॉल आला की माइक कॉलकडे जातो आणि रीडिंग तिथेच तुटतं. आणि फोनचं जाड कव्हर काढायला सांगा, माइकचं भोक त्याने अर्धं झाकलेलं असतं. मामांचा फोन मोठ्या आवाजाच्या जागी द्यायच्या आधी तुमच्या त्या टेबलवाल्या चाचणीत नक्की घ्या, काही फोन मोठा आवाज आपोआप दाबतात.